नाव घेऊन हाक मारणारा बँड

डॅलस सोडून वायव्येकडे निघालं की तासा-दोन तासांत झाडं विरळ होत जातात. मग नुसतं गवत, तेलाच्या विहिरींवर संथपणे खाली-वर होणारे पंप, आणि विचिटा फॉल्स मागे पडलं की लाल माती. एप्रिल संपत आला होता. शेतं नांगरून मोकळी पडली होती, कारण इथे कापूस मे महिन्यात पेरतात. कुंपणाच्या तारांना मात्र मागच्या हंगामाचे पांढरे पुंजके अजून लटकत होते. मी अकोल्याकडचा, त्यामुळे ते पुंजके काय आहेत हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

गाडी भाची चालवत होती. "मामा, अख्खी अमेरिका सोडून तुला टर्कीच का बघायचंय?" तिने विचारलं. टर्की हे टेक्सासच्या पार वरच्या अंगाला असलेलं, चारशेही वस्ती नसलेलं गाव. मी तिला उत्तर द्यायला सुरुवात केली आणि ते चिल्ड्रेस येईपर्यंत संपलं नाही.

माझं हे वेड स्टील गिटारपासून सुरू झालं. लहानपणी विविध भारतीवर दोन कार्यक्रमांमधल्या मोकळ्या जागेत हवाईयन गिटारवर सिनेमाच्या गाण्यांच्या धून वाजायच्या. तारेवरून लोखंडी कांडी सरकवत काढलेला तो मींडेचा सूर माझ्या कानात कायमचा बसला. हवाई बेटांवरचं ते वाद्य दोन दिशांना गेलं होतं. एकीकडे ताऊ मो याच्यासारखे वादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवत होते. दुसरीकडे तेच वाद्य टेक्सास आणि ओक्लाहोमातल्या नाचघरांत पोचलं होतं. पुढे कधीतरी एका मित्राने आणलेल्या कॅसेटवर 'अस्लीप ॲट द व्हील' नावाचा बँड ऐकला आणि तोच सूर पुन्हा भेटला. आता त्याच्या पाठीशी फिडल होतं, सॅक्सोफोन होता, ड्रम होते, आणि पाय स्वस्थ बसू देणार नाही असा ठेका होता. त्या संगीताला वेस्टर्न स्विंग म्हणतात हे मला नंतर कळलं. हा बँड १९७० मध्ये निघाला आणि पन्नास वर्षं उलटून गेल्यावरही रस्त्यावर होता. त्यात येऊन गेलेल्या वादक-गायकांची संख्या शंभराच्या वर जाते. सुरुवातीपासून सतत एकच माणूस तिथे उभा आहे: रे बेन्सन, सहा फूट सात इंच उंचीचा गिटारवादक आणि गायक. इतकी माणसं बदलूनही सूर तोच कसा राहतो, हे मला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी आधी टर्कीला जायला हवं होतं, कारण या सगळ्याचा उगम असलेला बॉब विल्स तिथे वाढला.

टर्कीत दर वर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी बॉब विल्सचा दिवस साजरा होतो. १९७२ पासूनची ही रीत आहे. एरवी सामसूम असणाऱ्या त्या एका रस्त्यावर त्या दिवशी हजारो माणसं येतात. घोडे, जुने ट्रॅक्टर, शाळेचे बँड अशी मिरवणूक निघते; फिडलवादकांची स्पर्धा लागते; धुरावर भाजलेल्या मांसाचा वास गावभर असतो. जुन्या शाळेच्या इमारतीत विल्सचं छोटं संग्रहालय आहे. त्याची फिडलं, टोप्या, बूट, पोस्टरं. मी तिथे फोटोंसमोर बराच वेळ उभा होतो. फोटोंत बँड वाढताना दिसतो. आधी चार-पाच माणसं, मग दहा, मग ट्रंपेट आणि सॅक्सोफोन घेतलेली पुरी पलटण.

विल्स १९०५ मध्ये जन्मला. १९१३ च्या सुमाराला त्याचं कुटुंब या भागात आलं. बाप फिडलवादक, पण पोट कापसावर. कापूस वेचणाऱ्यांमध्ये काळी कुटुंबंही होती आणि त्यांच्या पोरांबरोबर खेळत, त्यांची गाणी ऐकत हा मुलगा मोठा झाला. दहा वर्षांचा असताना एका नाचाच्या रात्री बाप वेळेवर पोचला नाही, म्हणून पोराने फिडल उचललं, अशी कथा सांगतात. ब्लूज गायिका बेसी स्मिथचं गाणं ऐकायला तो घोड्यावरून पन्नास मैल गेला, हीही तशीच सर्वांच्या तोंडी असलेली गोष्ट. पुढे याच टर्कीत तो न्हाव्याचं काम करायचा आणि रात्री नाचांना वाजवायचा. म्हणजे गोऱ्या शेतकऱ्यांचं फिडल आणि काळ्या मजुरांचं ब्लूज ही दोन्ही त्याला एकाच शेतात मिळाली. त्यात जॅझ मिसळलं, मेक्सिकन चाली आल्या, जर्मन आणि चेक वसाहतींचा पोल्का आला. हे संगीत शुद्ध असं कधी नव्हतंच. त्याच्या टिकण्याचं पहिलं कारण मला हेच वाटतं. जे जन्मतःच मिसळलेलं आहे, त्यात नवं काही आलं तर ते बाटत नाही.

फोर्ट वर्थमध्ये १९३१ च्या सुमाराला विल्स एका पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीसाठी रेडिओवर वाजवू लागला. 'लाइट क्रस्ट डोबॉइज' हे त्या बँडचं नाव, कारण विकायचं होतं ते पीठ. गिरणीचा व्यवस्थापक ओडॅनियल पुढे टेक्सासचा राज्यपाल झाला. तिथला गायक मिल्टन ब्राउन १९३२ मध्ये बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा बँड काढला. त्याच्या बँडमधल्या बॉब डनने १९३५ मध्ये विजेवर चालणारी स्टील गिटार ध्वनिमुद्रिकेवर आणली. दुसऱ्याच वर्षी ब्राउन मोटार अपघातानंतर गेला. तो जगता तर या संगीताचा राजा कोण म्हणवला गेला असता, यावर टर्कीतले म्हातारे अजूनही हिरिरीने बोलतात.

टर्कीहून टल्सा हा लांबचा पल्ला आहे. विल्सने १९३४ ते ४२ अशी वर्षं टल्सात काढली. केव्हीओओ या रेडिओ केंद्रावरून रोज दुपारी त्याचा कार्यक्रम व्हायचा आणि रात्री केन्स बॉलरूममध्ये नाच. मी गेलो तेव्हा दिवसाची वेळ होती, आत कार्यक्रमाची तयारी चालली होती, आणि कुणीतरी मला पाच मिनिटं आत सोडलं. मेपलच्या लाकडाची फरशी, छताखाली निऑनचा तारा, भिंतींवर जुन्या गायकांची मोठमोठी चित्रं. १९७८ च्या जानेवारीत याच मंचावर 'सेक्स पिस्टल्स' वाजवून गेले. एका पोरट्या पंक बँडला त्या भिंतींनी जागा दिली, हे मला या वास्तूच्या थोरवीत भर घालणारं वाटतं. विल्स १९४२ मध्ये सैन्यात गेला तेव्हा इथला नाच थांबला नाही. त्याचा भाऊ जॉनी ली विल्स पुढे १९५८ पर्यंत वाजवत राहिला.

विल्सची एक लकब होती, जिच्यावर त्या काळी पुष्कळांनी नाकं मुरडली. वाजवणं चालू असताना तो मध्येच उंच आवाजात हुंकारायचा, आणि ज्या वादकाची पाळी आली असेल त्याला नावाने हाक मारायचा. स्टील गिटारवर लिऑन मॅकऑलिफ, पियानोवर अल स्ट्रिकलिन, गिटारवर एल्डन शँब्लिन. श्रोत्यांना वादकांची नावं पाठ झाली ती अशी. एखाद्याची हाक कधी यायची याला नेम नव्हता, त्यामुळे प्रत्येकजण सावध असायचा. मी जितका ऐकत गेलो तितकं मला पटत गेलं की या संगीताची सगळी घडण त्या हाकेत आहे. ठेका नाचणाऱ्यांचा, तो कुणी हलवायचा नाही. दोन फिडलांनी, किंवा फिडल-सॅक्सोफोन-स्टील यांनी मिळून वाजवायची वळणं ठरलेली. ती नव्या माणसाने शिकूनच यायचं. पण त्या वळणांच्या मध्ये एक मोकळी जागा ठेवलेली असते, आणि हाक आली की ती जागा त्या माणसाची. तिथे त्याने दुसऱ्या कुणासारखं वाजवायचं नसतं.

परतीच्या वाटेवर डॅलस ओलांडून ऑस्टिनकडे जाताना भाचीला १९७३ च्या डिसेंबरची गोष्ट सांगितली. डॅलसमध्ये विल्सचं शेवटचं रेकॉर्डिंग होतं. अडुसष्ट वर्षांचा, पक्षाघाताने एक बाजू गेलेला विल्स चाकाच्या खुर्चीत होता. त्याच्या बँडचे, म्हणजे 'टेक्सास प्लेबॉइज'चे, जुने वादक जमले होते. विल्सला वाहिलेली तबकडी १९७० मध्ये काढणारा गायक मर्ल हॅगार्डही आला. त्याच तबकडीने बेन्सन आणि त्याच्या सोबत्यांना या वाटेवर आणलं होतं. ते त्या दिवशी स्टुडिओत पोचले तेव्हा विल्स थकला होता. उद्या बोलू, असं ठरलं. त्या रात्री त्याला पुन्हा झटका आला आणि तो शुद्धीवर आलाच नाही. १९७५ च्या मे महिन्यात तो गेला.

"म्हणजे भेट झालीच नाही?" भाची म्हणाली. मी म्हटलं, झाली, पण बोलणं झालं नाही. पुढे जे शिकायचं ते तबकड्यांवरून, आणि जॉनी गिंबल, एल्डन शँब्लिन यांच्यासारख्या प्लेबॉइजच्या मांडीला मांडी लावून.

हे बेन्सन आणि मंडळी टेक्सासचे नव्हतेच. बेन्सन फिलाडेल्फियाचा, ज्यू घरातला. लकी ओशन्स आणि लिरॉय प्रेस्टन या दोघांबरोबर वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉ पॉ या खेड्यात त्याने हा बँड सुरू केला. लांब केसांची ही हिप्पी पोरं अशा संगीताच्या मागे लागली होती जे त्यांच्या पिढीने आजोबांचं म्हणून सोडून दिलं होतं. क्रिस ओकॉनेल ही गायिका आली, फ्लॉइड डॉमिनो पियानोवर बसला. मग कॅलिफोर्निया, आणि १९७४ मध्ये विली नेल्सनच्या सांगण्यावरून ऑस्टिन. ऑस्टिनमध्ये त्या वेळी काउबॉय टोपीवाले आणि हिप्पी एकाच छताखाली बिअर पीत, आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स नावाच्या एका प्रचंड सभागृहात. ते सभागृह १९८० मध्ये बंद झालं आणि पाडलं गेलं. तिथे आता उभं राहून पाहण्यासारखं काही नाही, म्हणून आम्ही दक्षिण लमारवरच्या ब्रोकन स्पोकला गेलो. १९६४ पासूनचं हे ठेंगण्या छताचं नाचघर आता चहूबाजूंनी नव्या इमारतींनी वेढलंय. जेवण केलं, थोडा वेळ नाच पाहिला.

ऑस्टिनमधल्या पहिल्या काही वर्षांत बँडला यश मिळालं. १९७५ मध्ये एक गाणं कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या दहांत पोचलं. १९७८ मध्ये त्यांनी काउंट बेसीची 'वन ओ'क्लॉक जंप' वाजवली आणि तिला कंट्री विभागातलं ग्रॅमी मिळालं. हार्लेमच्या नाचघरांना झुलवणारी जॅझची रचना, टेक्सासच्या बँडने वाजवलेली, आणि बक्षीस कंट्रीचं! हा निकाल मला फार योग्य वाटतो. विल्सने जे चाळीस वर्षं आधी करून दाखवलं होतं त्यावर तो शिक्का होता.

आणि मग घसरण. १९८० च्या आसपास कर्ज झालं, माणसं गळाली, काही वर्षं देशभर पोचेल अशी नवी तबकडी निघाली नाही. लकी ओशन्स ऑस्ट्रेलियात गेला आणि पुढे तिथल्या रेडिओवर कार्यक्रम करू लागला. ओकॉनेलही १९८० च्या दशकात बाहेर पडली. बँडच्या बहुतेक कहाण्या इथे संपतात. उरलेला माणूस जुन्या नावावर जुनी गाणी वाजवत राहतो आणि श्रोते दर वर्षी थोडे थोडे म्हातारे होत जातात. बेन्सनने ते होऊ दिलं नाही, आणि मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या काळासाठी. त्याने जुन्या माणसांच्या जागी त्यांच्यासारखी माणसं शोधली नाहीत. लॅरी फ्रँकलिन आला, तो टेक्सासच्या फिडल-स्पर्धांच्या मुशीतून. वुडस्टॉकहून सिंडी कॅशडॉलर आली, ती डोब्रो या प्रकारची गिटार वाजवणारी. बँडमध्ये ती स्टील गिटारवादक म्हणून घडली आणि आठेक वर्षांनी गेली तेव्हा त्या वाद्यातलं मोठं नाव झाली होती. जेसन रॉबर्ट्स कोवळ्या वयात आला आणि जवळजवळ वीस वर्षं राहिला. १९८७ मध्ये 'टेन' ही तबकडी निघाली, पुन्हा ग्रॅमी मिळालं, आणि बँड जागेवर आला.

लोक येतात तसे जातात, आणि जाणाऱ्यावर इथे राग धरलेला दिसत नाही. पहिल्या काळातला बास वाजवणारा टोनी गार्निये १९८९ पासून बॉब डिलनबरोबर आहे. रॉबर्ट्सने बॉब विल्सच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २००५ मध्ये रंगमंचावर आलेल्या संगीत नाटकात विल्सचं काम केलं, आणि नंतर तो 'टेक्सास प्लेबॉइज'चाच म्होरक्या झाला. विल्सच्या बँडची गादी अशा माणसाकडे गेली जो बेन्सनच्या बँडमध्ये वाढला! दुसऱ्या टोकाला, पन्नाशीच्या निमित्ताने २०२१ मध्ये 'हाफ अ हंड्रेड इयर्स' निघाली तेव्हा ओकॉनेल, प्रेस्टन, ओशन्स, डॉमिनो हे सगळे पुन्हा येऊन वाजवून-गाऊन गेले. चाळीस-चाळीस वर्षांपूर्वी सोडून गेलेली माणसं ज्या दारातून परत आत येऊ शकतात, ते दार नीट सांभाळलेलं असतं.

आणखी एक गोष्ट बेन्सन करत आला आहे. दर काही वर्षांनी तो विल्सकडे परत जातो. १९९३, १९९९, २०१५, अशा तीन वेळा त्याने विल्सच्या गाण्यांच्या तबकड्या केल्या. पहिलीत शँब्लिन आणि गिंबल हे खुद्द प्लेबॉइज होते. तिसरीत 'ॲव्हेट ब्रदर्स' आणि 'ओल्ड क्रो मेडिसिन शो' यांच्यासारखे बँड होते, ज्यांच्या जन्माआधी विल्स गेला होता. गाणी तीच, पण दर वेळी पाहुण्यांची पिढी वेगळी. मी तिन्ही एकामागून एक ऐकल्या आहेत. पहिली मला सर्वांत प्रिय, पण तिसरीत जो टवटवीतपणा आहे तो पहिलीत नाही, हेही खरं.

ऑस्टिनहून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर, न्यू ब्राउनफेल्सच्या कडेला ग्वाडालूपे नदीच्या काठी ग्रीन नावाची जुनी वस्ती आहे. जर्मन कापूसवाल्यांनी वसवलेली. तिथलं ग्रीन हॉल हे नाचघर १८७८ चं. १९२० च्या दशकात बोंडं पोखरणाऱ्या भुंग्याने कापूस खाल्ला, त्यापाठोपाठ मंदी आली, आणि गाव ओस पडलं. त्यावरून आमच्याकडचा बोंडअळी हा शब्द तिथल्या माहितीफलकाजवळ उभं राहून मी भाचीला समजावून सांगितला. आमच्या घरी तो कितीदा ऐकलाय हे तिला माहीत नव्हतं. १९७५ मध्ये गाव पुन्हा जागं झालं, आणि हे नाचघर आज टेक्सासमधलं सतत चालू राहिलेलं सर्वांत जुनं समजतात. पत्र्याचं छत, बाजूंना जाळ्या, लांबलचक लाकडी फरशी, भिंतींवर जुन्या जाहिरातींचे पत्रे. वातानुकूलन नाही. संध्याकाळी त्या जाळ्यांमधून नदीकडची हवा आत येत होती.

बँड आला. बेन्सन सत्तरीपार, पांढरी वेणी, गिटार त्याच्या अंगावर खेळण्यासारखी दिसत होती. बाकीचे सगळे त्याच्याहून कितीतरी लहान. पहिल्या ठेक्यालाच जोडपी फरशीवर उतरली. नाचाची फेरी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. बाहेरच्या कडेने चपळ जोडपी, आतल्या बाजूला सावकाश चालणारी. सत्तरीची माणसं होती, कॉलेजची पोरं होती, लग्नाला आल्यासारखी नटलेली कुटुंबं होती. मी ज्या प्रश्नासाठी इतकी वाट तुडवली त्याचा अर्धा भाग त्या फरशीवर फिरत होता. खुर्चीत बसून ऐकायचं संगीत जपायला अभ्यासक लागतात. नाचाच्या संगीताला त्या रात्री नाचायला आलेली माणसं पुरतात, आणि ती दर शनिवारी नवी असतात.

फिडलवादक मुलगा अगदी तरुण होता. पहिली काही गाणी तो दुसरा सूर धरून शांतपणे वाजवत राहिला. मग एका जलद गाण्यात सॅक्सोफोन थांबला, आणि बेन्सनने मान वळवून त्याला नावाने हाक मारली. मुलाने सुरुवात जुन्या वळणाने केली, विल्सच्या तबकड्यांमधून आलेल्या ओळखीच्या स्वरांनी. दुसऱ्या आवर्तनात तो कुठेतरी भलतीकडेच गेला. एक स्वर धरून त्याच्यावर आडवे-तिडवे घाव घालत राहिला. स्टीलवाल्याने हसून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच स्वराला खालून उत्तर दिलं. नाचणाऱ्यांच्या पायांत काही फरक पडला नाही. बास आणि ड्रम आपल्या जागी होते. भाचीने माझा दंड पकडला होता. तिला या संगीतातलं काही ठाऊक नसताना तो क्षण तिला कळला होता.

मध्यंतरात बाकावर शेजारी एक बाई येऊन बसल्या. वय पंचाहत्तरीचं असावं, बुटांवर नाचून नाचून पडलेल्या सुरकुत्या. त्या आर्माडिलोच्या दिवसांपासून या बँडवर नाचताहेत. ओकॉनेल गायची तेव्हा कसं होतं, गिंबल पाहुणा म्हणून यायचा तेव्हा कसं होतं, हे त्यांनी मला भरभरून सांगितलं. मी त्यांना विचारलं, हा आजचा मुलगा कसा वाटतो?

"अजून घाई करतो," त्या म्हणाल्या. "पण ऐकतो नीट. दोन वर्षांनी याल तेव्हा बघा."

"आणि तोवर तो दुसऱ्या कुणाच्या बँडमध्ये गेला तर?"

"जाईलच की. मग त्याच्या जागी जो असेल त्याला ऐका," असं म्हणून त्या उठल्या. वॉल्ट्झ सुरू झाला होता. त्यांनी माझ्या भाचीपुढे हात केला, पाय कसे टाकायचे ते दोन वाक्यांत सांगितलं, आणि तिला घेऊन फेरीत शिरल्या.